अर्ध्या सेकंदाचा विलंब

उन्हाळ्याच्या तोंडी हुबळीच्या बाजारात माठ घेण्यास आलेली एखादी अनुभवी गृहिणी वाचकांनी पाहिली असेलच. ती भाव नंतर विचारते. प्रथम माठ हातावर तोलते, बोटाच्या पेराने त्याच्या पोटावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. नीट भाजलेला माठ खणखणीत बोलतो. चीर गेलेला माठ बद्द वाजतो. या परीक्षेचा कुंभारास राग येत नाही. घरी नेल्यावर गळका निघालेला माठ उभयतांच्या मनस्तापाचे कारण होतो, हे तोही जाणून असतो.

गेल्या काही महिन्यांत आम्हांसही असेच एक मडके वाजवून पाहण्याचा योग आला. ते मातीचे नव्हते. संगणकाची एक कार्यप्रणाली, अजून लोकांच्या हाती अधिकृतपणे न दिलेली, म्हणजे जणू भट्टीतून पुरती बाहेर न आलेली, आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या कोठीघरात बसून तपासून पाहिली. धर्मगुरूने ही नसती उठाठेव का करावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. तो आमच्याही मनात आला होता. परंतु या उठाठेवीतून जे शिकावयास मिळाले ते संगणकापुरते राहिले नाही, म्हणून या सदरात ते मांडण्याचे धाडस करीत आहोत.

प्रसंग असा घडला. आमच्या कार्यालयात एक जुना संगणक आहे. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या मूळ नोंदी आजही शाईने मोठ्या वह्यांतच लिहिल्या जातात; पण त्यांची सूची, दाखल्यांचे नमुने, मासिक हिशेब आणि सणाच्या निमंत्रणपत्रिका या संगणकावर तयार होतात. त्यावर मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज १०’ ही प्रणाली होती. तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणजे यंत्र बंद पडले असे नव्हे. ते पूर्ववत चालते, परंतु पुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या छिद्रांना ठिगळ लावून मिळत नाही. ज्यांनी तशी नोंदणी केली त्यांना आणखी एक वर्षाची मुदत मिळाली, एवढेच. २०२१ साली निघालेली ‘विंडोज ११’ घालावी, तर तिला टीपीएम नावाचा एक सुरक्षाघटक यंत्रात लागतो, आणि तो आमच्या म्हाताऱ्या यंत्राजवळ नव्हता. नवे यंत्र घ्यावे, तर ख्रिस्तमंदिराच्या छपरासाठी जमविलेल्या रकमेस हात लावावा लागणार होता. पावसाळ्यात वेदीपाशी बादली ठेवावी लागते, हे ज्यास ठाऊक आहे तो असा विचार मनातही आणणार नाही.

आमच्या गायकवृंदात एक तरुण आहे. तो अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. घरी कोकणी, रस्त्यावर कन्नड आणि आमच्याशी मराठी, अशा तीन भाषा तो एका दमात बोलतो. आमच्या या जोडशहराची ती रीतच आहे. आमची अडचण ऐकून तो म्हणाला, “फादर, यंत्र धडधाकट आहे. ते भंगारात कशाला काढता? लिनक्स घालून पाहू.”

हे नाव ज्यांस नवे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. संगणकाचे यंत्र म्हणजे नुसते घर. त्या घरात कोणी कोठे बसावे, दिवा केव्हा लावावा, दार कोणास उघडावे हे ठरविणारी जी व्यवस्था, ती कार्यप्रणाली. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. ही व्यवस्था प्रत्येकास वापरता यावी, उघडून पाहता यावी, बदलता यावी आणि शेजाऱ्यासही देता यावी, असा त्याचा संकल्प होता. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने यंत्राचा कारभार पाहणारा गाभा लिहिला आणि तोही पुढे सर्वांस मोकळा केला. या दोहोंच्या संयोगातून, आणि जगभरच्या हजारो लोकांच्या श्रमांतून, अनेक वितरणे निर्माण झाली. १९९३ साली ‘डेबियन’ सुरू झाले, २००४ साली त्यातून ‘उबुंटू’ निघाले. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने २००७ साली डेबियनच्या पायावर ‘बॉस’ ही प्रणाली सादर केली, आणि केरळ राज्याने आपल्या शाळांतून मुलांस याच मार्गाने संगणक शिकविला. तेव्हा हे काही चार हौशी पोरांचे खूळ नव्हे, अशी आमची खात्री पटली.

परंतु त्या तरुणाच्या मनात आणखी एक गोष्ट होती. त्या वितरणाची नवी आवृत्ती काही आठवड्यांनी बाहेर पडणार होती आणि तिचे पूर्वरूप, ज्यास ‘बीटा’ म्हणतात, परीक्षेसाठी खुले झाले होते. ते आपण कोठीघरातील दुसऱ्या एका टाकाऊ यंत्रावर घालून पाहावे, असे त्याने सुचविले. तयार माल मिळत असता कच्चा का घ्यावा, असे आम्ही विचारले. त्याचे उत्तर आमच्या मनात घर करून राहिले. तो म्हणाला, “फादर, मराठीत आणि कन्नडमध्ये काय बिघडते ते आपण नाही पाहिले, तर कोण पाहणार? आज सांगितले तर दुरुस्त होईल. माल बाहेर पडल्यावर आपण फक्त कुरकुर करू.”

अशा प्रणालीची नवी आवृत्ती एकाएकी बाहेर पडत नाही. डेबियनची रीत या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेथे नवा माल प्रथम ‘अस्थिर’ विभागात येतो. काही दिवसांत गंभीर तक्रार आली नाही, तर तो ‘चाचणी’ विभागात सरकतो. पुढे एक वेळ अशी येते की नवे बदल गोठविले जातात, केवळ दोष काढले जातात, आणि मगच ‘स्थिर’ आवृत्ती जाहीर होते. अस्थिर विभागास त्यांनी ‘सिड’ हे नाव कायमचे दिले आहे. १९९५ सालच्या ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटात शेजाऱ्याचा जो द्वाड मुलगा खेळणी मोडतो, त्याचे हे नाव. आमच्या धर्मग्रामातील रेल्वे कारखान्यातल्या मंडळींस ही रीत चटकन कळली. दुरुस्त झालेला डबा प्रवाशांच्या गाडीस जोडण्यापूर्वी त्याचे ब्रेक पारखावेच लागतात, मग ते काम कितीही नावाजलेल्या कारागिराने केलेले असो. बेंगेरीच्या खादी संघात राष्ट्रध्वज तयार होतो, तोही भारतीय मानक ब्युरोच्या कसोट्यांस उतरल्यावाचून फडकत नाही.

असो. कोठीघरातील जुन्या समया आणि नाताळच्या गोठ्याचा पेंढा बाजूस सारून आम्ही टेबल मांडले. त्या तरुणाने प्रथम दोन अटी घातल्या. या यंत्रावर कार्यालयाचा एकही कागद आणावयाचा नाही, आणि कार्यालयाच्या संगणकावरील सर्व सामग्रीची प्रत वेगळ्या तबकडीवर काढून कपाटात कुलूपबंद ठेवावयाची. नंतर त्याने पेनड्राइव्ह लावला. ही प्रणाली यंत्रात न घालता आधी नुसती पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. घर विकत घेण्यापूर्वी एक रात्र त्यात मुक्काम करून पाहावा, तशी ती सोय आहे. रात्र बरी गेली, तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही ती यंत्रात उतरविली.

पहिले दोन दिवस कौतुकाचे गेले. इन्स्क्रिप्ट हा कळफलक त्यात आयताच होता. त्याची खुबी अशी की कन्नडचा ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर मराठीचा ‘क’. आमच्या कार्यालयातील दाखले दोन्ही भाषांत काढावे लागतात. ज्या मुलीने शाळेत कन्नड टंकन शिकले होते तिने दुपारभरात मराठी ओळी उतरविण्यास आरंभ केला, तेव्हा आम्हांस विशेष आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी माठ बद्द वाजला. सणाच्या जेवणाचा हिशेब नमुन्यादाखल टंकित केला होता. त्यात ‘आचाऱ्यांचे मानधन’ असे लिहिले असता पडद्यावर ‘आचार्यांचे मानधन’ असे उमटले. आमच्या स्वयंपाक्यास कोणी विनासायास आचार्यपदी चढविले याचे त्यास सुख वाटले असते. पण ‘दऱ्या’ लिहावे आणि ‘दर्या’ वाचावा, हे मराठी माणसास कसे चालावे? मराठीतील हा अर्धा र इतर भाषकांस फारसा ओळखीचा नाही. तसेच काही ठिकाणी ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची न दिसता हिंदी वळणाची दिसत. वस्तुतः एकाच अक्षरसंचात ही दोन्ही वळणे ठेवता येतात. भाषा मराठी आहे हे प्रणालीने त्यास सांगावे लागते, आणि कोठेतरी हे सांगणे राहून गेले होते. चौथ्या दिवशी नवे बदल उतरविल्यानंतर प्रिंटर मुका झाला. पाचव्या दिवशी थोडा वेळ निजलेले यंत्र जागे झाले, परंतु पडदा काळाच राहिला.

आमचा धीर सुटला. दोष नोंदविण्यासाठी जी जागा असते तेथे आम्ही स्वहस्ते इंग्रजीत एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा होता की, मराठी अक्षरे बिघडतात, छपाई होत नाही, यंत्र झोपेतून उठत नाही. असे अर्धवट काम लोकांपुढे कसे ठेवता? त्वरित दुरुस्ती व्हावी. पत्र धाडण्यापूर्वी सुदैवाने आम्ही ते त्या तरुणास दाखविले. त्याने ते वाचले आणि क्षणभर गप्प राहिला.

“फादर, हे धाडू नका,” तो म्हणाला. “हे ज्याच्या हाती पडेल तो कदाचित दिवसभर नोकरी करून रात्री हे काम करीत असेल. आपण त्याला एक पैसाही दिलेला नाही. आणि यात त्याला उपयोगी पडेल असे एकही वाक्य नाही.”

आमच्या निम्म्या वयाच्या मुलाने हे सांगावे, आणि ते खरे असावे, याची आम्हांस लाज वाटली. त्याने नवी रीत समजाविली. एका पत्रात एकच दोष लिहावा. आपण काय केले, काय होईल असे वाटले होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी क्रमाने सांगाव्यात. यंत्र कोणते, आवृत्ती कोणती हे नमूद करावे. तोच दोष पुन्हा घडवून पाहावा आणि घडला नाही तर तेही लिहावे. राग लिहू नये, कारण रागाने काहीच दुरुस्त होत नाही. त्या रात्री आम्ही चार वेगवेगळी पत्रे लिहिली. प्रवचन लिहिण्यास लागते त्याहून अधिक काळजी त्यास लागली.

पत्रे धाडून झाल्यावर, कोठीघराच्या पायरीवर चहा पिताना, त्याने आम्हांस २०२४ सालची एक घटना सांगितली. पुढे आम्ही ती स्वतः पडताळून पाहिली. ती वाचकांस ठाऊक असावी असे वाटते, कारण तिचा संबंध आपणा सर्वांच्या सुरक्षिततेशी होता आणि तरीही आपणांपैकी फारच थोड्यांच्या कानी ती आली.

‘एक्सझेड’ नावाचे एक लहानसे साधन आहे. मोठी सामग्री दाबून लहान करावयाची, एवढेच त्याचे काम. गाठोडे बांधणाऱ्या सुतळीसारखे ते लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक वितरणात असते आणि सुतळीप्रमाणेच त्याकडे कोणाचे लक्ष नसते. फिनलंडमधील लासे कोलिन हा एकटा गृहस्थ वर्षानुवर्षे, वेतनावाचून, त्याची देखभाल करीत होता. २०२१ साली जिया टॅन असे नाव सांगणारा एक मदतनीस तेथे आला. त्याने शांतपणे उपयोगी दुरुस्त्या पाठविल्या. २०२२ साली काही अनोळखी नावांनी कोलिनवर तगादा सुरू केला: काम इतके सावकाश का चालते? होत नसेल तर दुसऱ्याच्या स्वाधीन का करीत नाही? कोलिनने नम्रपणे उत्तर दिले की दीर्घकाळच्या मानसिक अस्वास्थ्यामुळे आपली शक्ती कमी पडते, आणि हे काम बिनपगारी आहे हेही लक्षात घ्यावे. तगादा थांबला नाही. हळूहळू किल्ल्या त्या मदतनिसाच्या हाती गेल्या. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने एक चोरदरवाजा लपविला. ज्याच्यापाशी त्याची गुप्त किल्ली असेल त्याला दुरूनच दुसऱ्याच्या यंत्रात शिरून वाटेल ते करता आले असते. तो मदतनीस खरोखर कोण होता, हे आजतागायत उघड झालेले नाही.

या आवृत्त्या स्थिर विभागांत पोहोचल्या असत्या, तर जगातील असंख्य सेवायंत्रांचे दार उघडे पडले असते. परंतु त्या पोहोचल्या होत्या त्या डेबियनच्या अस्थिर व चाचणी विभागांत, फेडोरा ४० च्या पूर्वरूपात आणि अशाच काही चाचणीच्या ठिकाणी. अँड्रेस फ्रॉइंड नावाचा अभियंता डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर स्वतःचे निराळेच काम करीत होता. दुरून यंत्रात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे त्याच्या ध्यानात आले. अर्धा सेकंद! डोळ्याचे पाते लवून जरा विसावते, तेवढा हा काळ. दुसरा कोणी असता, तर कच्चा माल असाच चालायचा, असे म्हणून पुढे गेला असता. तो थांबला. हा विलंब कोठून येतो, असा त्याने प्रश्न केला, धागा धरून मागे मागे गेला आणि चोरदरवाजापर्यंत पोहोचला. त्याने हे जगापुढे मांडले तो दिवस २९ मार्च २०२४ होता. त्या वर्षीचा तो उत्तम शुक्रवार. आम्ही येथे क्रुसाच्या वाटेची भक्ती करीत होतो त्या दिवसांत, सुट्टीवर निघालेले कित्येक अभियंते परत फिरून आपापली वितरणे तपासीत बसले होते. उबुंटूच्या २४.०४ या आवृत्तीचे बीटा रूप ४ एप्रिल रोजी निघणार होते. सर्व घटक नव्याने बांधून काढण्यासाठी ते आठवडाभर पुढे ढकलून ११ एप्रिल रोजी काढले गेले. अंतिम आवृत्ती मात्र ठरल्या दिवशी, २५ एप्रिल रोजी, निर्धोकपणे बाहेर पडली.

हे ऐकून आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. त्या तरुणास वाटले, फादरांना ही गुप्तहेराची कथा आवडली. वस्तुतः आमच्या मनात निराळेच काही चालले होते.

दोन आठवड्यांपूर्वी धर्मग्राम समितीच्या सभेत आम्ही एका वृद्ध गृहस्थास चारचौघांत टोचून बोललो होतो. रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ एकोणीस वर्षे आमचा हिशेब आणि नोंदींची सूची सांभाळतात. वेतन नाही, पद नाही. पूर्वी महिन्याच्या तीन तारखेस त्यांचा कागद आमच्या टेबलावर येई. अलीकडे तो दहा, पंधरा, कधी वीस तारखेस येऊ लागला. सभेत आम्ही म्हणालो, “एवढ्याशा कामास तीन आठवडे लागावेत काय? झेपत नसेल तर तसे सांगावे.” त्यांनी मान खाली घातली, “होय, फादर,” असे म्हटले, आणि सभा पुढे चालली.

विलंब त्या अभियंत्यानेही पाहिला होता आणि आम्हीही. त्याने विलंबास विचारले, तू कशामुळे? आम्ही माणसास विचारले, तू असा कसा? आमचा शब्द त्या तगादा लावणाऱ्या अनोळखी नावांच्या शब्दांहून फारसा निराळा नव्हता, हे जाणवताच चहा कडू झाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर दिव्याखाली बसले होते. मांडीवर हिशेबाची वही होती आणि हातात जाड भिंग. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. आठाचा तीन दिसतो आणि तिनाचा आठ, म्हणून प्रत्येक बेरीज ते तीनदा मांडून पाहत. शस्त्रक्रियेची तारीख दोनदा लांबविली होती. वर्षाचा हिशेब पुरा झाल्यावाचून दवाखान्यात कसे जावे, हा त्यांचा प्रश्न. सूनबाईंनी आम्हांस पाट दिला आणि हळूच म्हणाल्या, “फादर, तुम्हीच सांगा त्यांना. आमचे ऐकत नाहीत.”

आम्ही प्रथम क्षमा मागितली. त्यांस ते फार अवघड वाटले. ते इतकेच म्हणाले, “काम काढून घेऊ नका, फादर. चूक नको म्हणून उशीर होतो.” एकोणीस वर्षांत त्यांच्या हिशेबात एक रुपयाची तफावत आढळली नव्हती, हे सभेत कोणालाही आठवले नव्हते, आणि आम्हांसही नाही.

आता काय करावे? एक सोपा मार्ग होता: किल्ल्या त्यांच्याकडून घेऊन एखाद्या तडफदार तरुणाकडे द्याव्यात. परंतु एक्सझेडच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. भार एकाच्या खांद्यावरून उचलून दुसऱ्या एकाच्या खांद्यावर ठेवला गेला. तो वाटला गेला नाही. पहिला थकलेला होता म्हणून कोणी पाहिले नाही आणि दुसरा उत्साही होता म्हणून कोणी तपासले नाही. यावरून मदतीस येणाऱ्या प्रत्येकाचा संशय घ्यावा, असा बोध कोणी काढू नये. तसे केले तर संस्था एका दिवसात ओस पडतील. एका माणसाच्या भल्या वागण्यावर सर्व कारभार टांगून ठेवू नये आणि त्यास एकटेही टाकू नये, हा त्यातला बोध आहे. आम्ही दोन साहाय्यक नेमले. एक निवृत्त शिक्षिका आणि दुसरी ती कन्नड टंकन जाणणारी मुलगी. आकडे एकीने मांडावयाचे, दुसरीने तपासावयाचे आणि शेवटची सही त्या वृद्ध गृहस्थांचीच. त्यांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. दुसऱ्याची आता त्यांनी स्वतःच तारीख घेतली आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी किंवा शाळेत असाच जुना संगणक असेल, त्यांस अनुभवाच्या चार गोष्टी सांगाव्या वाटतात. आधार संपलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार करीत राहू नये. यंत्र टाकण्यापूर्वी अशी मोकळी प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी. आपला प्रिंटर, आपली लिपी, आपले कागद तिच्यात नीट चालतात का ते तपासावे. रोजच्या कामाच्या यंत्रावर बीटा आवृत्ती कदापि घालू नये. तेथे स्थिर आवृत्तीच हवी, आणि तीही शक्यतो दीर्घ आधाराची. उबुंटूची अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते आणि तिला पाच वर्षे नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. काहीही बदलण्यापूर्वी सर्व सामग्रीची प्रत वेगळी काढून ठेवावी आणि ती प्रत उघडते की नाही हे एकदा पाहावे. न उघडणारी प्रत म्हणजे हरवलेल्या किल्लीचे कुलूप. आणि ज्यांच्याजवळ एखादे रिकामे यंत्र व थोडा वेळ आहे, त्यांनी बीटा अवश्य वाजवून पाहावे. आपल्या भाषेचा कान आपल्याइतका दुसऱ्या कोणास असणार?

आमच्या चार पत्रांचे काय झाले, तेही सांगतो. अर्ध्या रच्या पत्रास नऊ दिवसांनी उत्तर आले. लिहिणारा दुसऱ्या देशात राहणारा होता आणि त्यास मराठीचे एक अक्षरही येत नव्हते. त्याने विनंती केली की, योग्य रूप कोणते आणि चुकीचे कोणते, हे चित्रात बाण काढून दाखवावे. आम्ही दाखविले. आणखी दोन पत्रे झाली. पुढच्या एका दुरुस्तीनंतर आमचे आचारी पुन्हा आचारी झाले. काळ्या पडद्याचा दोष इतरही अनेकांनी कळविला होता, तोही गेला. ल आणि श यांचे वळण एका ठिकाणी सुधारले, दुसऱ्या ठिकाणी अजून तसेच आहे. प्रिंटरचा प्रश्न सुटला नाही. त्या पत्राखाली, आणखी माहिती हवी, असा शेरा आहे आणि ती माहिती जमविण्याचे काम आमच्याकडे आहे.

अंतिम आवृत्ती निघाल्यावर, आणखी काही आठवडे वाट पाहून, ती कार्यालयाच्या यंत्रावर चढविली. छपाई तूर्त एका उपकारी शेजाऱ्याच्या प्रिंटरवर होते. छपराची रक्कम शाबूत आहे. कोठीघरातील यंत्र मात्र आम्ही हलविले नाही. गायकवृंदाचा सराव संपला की दोन-तीन मुले तेथे जमतात आणि पुढच्या आवृत्तीचे मडके वाजवीत बसतात. परवा त्यांतील एकाने येऊन सांगितले, “फादर, आज यंत्र सुरू व्हायला नेहमीपेक्षा जरा उशीर लागला.” पूर्वी आम्ही म्हणालो असतो, लागायचाच. या खेपेस आम्ही हातातील काम बाजूला ठेवले, कोठीघरात गेलो आणि त्याच्या शेजारी बसून विचारले, “किती?”